ओली लोकर

बजाजनगर, ११ जून २००६, रविवार

केरबादादा,

पाया पडतो. मायच्या पायावर डोकं, वहिनीला नमस्कार. आप्पासाहेब, तुमालाबी नमस्कार, कारण दुकानाच्या ओट्यावर हा कागद तुमीच वाचून दाखवणार. दादा उभ्यानंच ऐकंल, काठीवर हनुवटी टेकून. त्याला म्हणावं बस. कागद दोन्ही अंगानं लिहिलाय. अक्षर चौथीपर्यंतचंच हाय, सांभाळून घ्या.

दादा, तू फोनवर येत नाहीस म्हणून लिहायला बसलो. मागच्या खेपंला आप्पासाहेबांनी तुला हाक मारली, तर तू लांबूनच म्हणलास, "मेंढरं सोडून येत नाय. लईच बोलायचं असंल तर मेंढरायला दे फोन." मला इकडं सगळं ऐकू आलं. बूथवर मागं लाइन लागलेली, मीटर पळत होतं. मी हसलो. मागचा माणूस म्हणला, झालं असंल बोलून तर सरक.

आता काम सांगतो. परवा कारखान्यात भोंगा वाजला. आग नाय, धूर नाय, काय नाय. सगळ्यांनी मशिनी बंद करून गेटजवळच्या लिंबाखाली उभं राहायचं. सुपरवायझरनं डोकी मोजली नि परत कामाला लावलं. मी विचारलं, "साहेब, आग कुठंय?" तो म्हणला, "आग नाय म्हणून तर आज शिकायचं. लागल्यावर कोण शिकतो?"

मला वाळूजमधी उभ्या उभ्या आपला मेंढवाडा दिसला. धरणातून पाणी सोडलं की तलाठी मारुतीच्या पारावर सांगून जातो. गावाला कळतं. आपण गावापास्नं लांब, गोदागंगेच्या काठाला. आपल्याला कोण सांगतं? टेकाडावर जायचं तर मधी ओढा. गंगा फुगली की पाणी उलटं ओढ्यात शिरतं, हे तूच मला दाखवलंस, मी तुझ्या खांद्यावर होतो तवा.

म्हणून असं करा. रोज सांच्याला वहिनीनं थाळी वाजवायची, टेकाडावर मूठभर मका टाकायचा. थाळीच्या मागं मेंढरं वर गेली पायजेत. सवय लागली की खऱ्या वक्ताला हाकावं लागत नाय. मायला आधी न्यायचं. मेंढवाड्याभवतीचं वाघुरीचं जाळं गाठ मारून बांधायचं नाय, एका हिसक्यात सुटंल असं ठेवायचं.

अन् बिल्ले. पाडव्याला मी ढोरांच्या डॉक्टरला आणून मेंढरांच्या कानात विम्याचे पिवळे बिल्ले मारले, तवापास्नं तू बोलत नाहीस, मला ठाऊक हाय. तू म्हणलास ते बी ध्यानात हाय, "डाव्या कानात बापाची खाच, उजव्या कानात विमावाल्याची. तिसरा कान असता तर तोबी इकला असता यानं." बोल. पण पुरात मेंढरू गेलं तर विमावाला बिल्ल्यासकट कान मागतो. कान नाय तर काय नाय. बिल्ला पडला असंल तर कळव.

माझं बरं चाललंय. खोलीत पाचोडचा बन्सी हाय, शेतकऱ्याचं पोरगं. खाट एक नि माणसं दोन. तो रातपाळीला गेला की मी निजतो, मी दिवसपाळीला गेलो की तो. खाट कवाच थंड होत नाय, पण आमची दोघांची गाठ रविवारशिवाय पडत नाय. मायनं दिलेलं घोंगडं अंथरलं होतं. घरमालकीण म्हणली, "कशाचा वास मारतोय रे?" मी म्हणलो, "कशाचा नाय." गुंडाळून फळीवर ठेवलंय.

तुझा सोनाजी

बजाजनगर, २ जुलै २००६, रविवार

केरबादादा,

कार्ड पोचलं. आप्पासाहेबांच्या हातचं एका ओळीचं. "केरबा म्हणतो, कातरायला ये." खाली आप्पासाहेबांची स्वतःची ओळ. "पत्र जरा मोठ्या अक्षरात लिहीत जा, ऐकायला माणसं बसतात."

म्हणजे ओट्यावर बैठक भरती व्हय. मंग समद्यांना नमस्कार.

दादा, कातरायला कसा येऊ? सुट्टी नाय. आमी ठेकेदाराची माणसं, एक दिवस गैरहजर पडलं की पुढचं नाव तयारच असतं. पर्मनंटच्या यादीत घेतील असं बोलतात. घेतलं तर मायला इकडं दवाखाना दाखवीन. दिवाळीला येईन म्हणतो.

तवर तू पाचोडच्या बाजारातून कातरणारा बोलव. सांडूचा पोरगा चांगला कातरतो. माझ्यावाणी नाय, पण चांगला.

बन्सी मागच्या आठवड्यात गावाकडं गेला होता, तू त्याला बाजारात दिसलास. म्हणला, "तुझ्या दादाच्या उजव्या अंगठ्याला फडकं हाय, हात छातीशी धरून उभा होता." मी इचारलं, "काय झालं म्हणला?" तर बन्सी म्हणला, "काय नाय, काटा मोडला, म्हणला." दादा, काटा मोडल्यावर कोणी हात छातीशी धरत नाय. नखुरडं झालं असंल तर हळद चुना बस कर, डॉक्टरकडं जा.

मी आलो असतो तर कातर मी धरली असती, तू पाय धरले असतेस. आजवर कातरण आपण दोघांनीच केली. मी चुकून कातडी टोचली की तू मेंढराला म्हणायचास, "माफ कर बाई, पोरगं शिकाऊ हाय." मला नाय म्हणायचास, मेंढराला म्हणायचास.

वहिनी थाळी वाजवती का?

सोनाजी

बजाजनगर, २३ जुलै २००६, रविवार

केरबादादा,

बन्सीनं सांगितलं, वहिनी रोज थाळी वाजवती नि गावात पोरं तिला भोंगाबाई म्हणतात. दगडाबाईची भोंगाबाई झाली. वहिनी, रागावू नको, इथं मोठ्या कारखान्यात त्याच कामाला माणूस पगारावर ठेवतात. मेंढरं पळत जातात म्हणे वर. माय बी जाती, किटली घेऊन. पाचोडच्या बाजारात बन्सीला माय म्हणली, "मक्यासाठी मेंढरं जातात, चहासाठी मी जाते, पुरासाठी कोणीच जात नाय." लई हसलो. मंग खोलीत कोण नव्हतं.

आप्पासाहेब, आता इथून पुढं रेघ मारलीय तिथपर्यंत मनात वाचा. खोकला आल्यागत करा.

आप्पासाहेब, माझं काम सुटलंय. जूनच्या अखेरीलाच ठेकेदारानं ब्रेक दिला. मागचं पत्र लिहिलं तवा मी रिकामाच होतो. सकाळी चौकात उभा राहतो, टेम्पो भरायला कोणी नेलं तर जातो. कोणी नाय नेलं तर कंपनीच्या गाड्या सुटतात ते बघत बसतो. बन्सीला बी लई दिवस सांगितलं नव्हतं. दिवसपाळीच्या वक्ताला बाहेर पडायचो, त्याला खाट मोकळी पायजे ना. तुमी म्हणाल मंग गावाकडं का येत नाय. आप्पासाहेब, दादा काय म्हणला होता मी निघताना, तुमी ओट्यावरच होता. "जा. पण जाऊन कायतरी होऊन ये. नुसता वास धुवून येऊ नको." मी नुसता वास धुवून आलो असं होईल. दिवाळीपर्यंत दुसरं काम लागंल. तवर दादाला कळू देऊ नका.

———

तर दादा, इथलं सगळं बरं हाय. पाऊस हाय. नाशिककडं लई हाय म्हणतात, तिकडचं पाणी सारं आपल्या धरणात येतं. धरण भरत चाललंय असं पेपरात वाचलं, चौकात जिलबीवाल्याकडं पेपर असतो. तू मेंढरं खाली ठेवू नको. अंगठा कसा हाय? कातरणारा बोलवलास का? कातरण व्हायला पायजे होती मिरगाआधीच. अंगावर लोकर ठेवून पावसाळा काढू नको, मेंढरू भिजलं की जड होतं, तुला काय सांगू.

बिल्ले बघ.

सोनाजी

बजाजनगर, ६ ऑगस्ट २००६, रविवार

दादा,

फोन लावतोय सकाळपास्नं. लागत नाय. बूथवाला म्हणला, तिकडची लाइनच मेलीय. जिलबीवाल्याच्या रेडिओवर सांगितलं, धरण भरलं, दरवाजे उघडणार, खालच्या गावांनी सावध राहावं. सावध राहावं म्हणजे काय ते सांगितलं नाय. पुढं गाणं लावलं.

हे पत्र पेटीत टाकलं तर पाण्याच्या मागून पोचंल. म्हणून टाकत नाय. खिशात ठेवतो. पयल्यांदाच मधी आप्पासाहेब नायत. तर मला बोलायचं सुचत नाय.

जाळं सोड. मेंढरांची वाट बघू नको, मायला घे. वहिनी थाळी वाजवंल. कोणतं मेंढरू मागं राहिलं तर त्याच्यासाठी ओढ्यात उतरू नको. तू उतरशील, मला ठाऊक हाय, उतरू नको.

मी निघालोय. पाचोडपर्यंत गाडी जाती म्हणतात. तिथून पुढं बघू.

मला काय झालेलं नाय दादा. कायबी होऊन येत नाय मी. तसाच येतोय.

गावाकडून, २० ऑगस्ट २००६, रविवार

बन्सी,

तुला पत्र लिहायची पाळी येईल असं वाटलं नव्हतं, एका खाटेवरची माणसं आपण. मी सुखरूप हाय. घरचे सुखरूप हायेत. तुला वाटलं असंल गेला नि बुडाला.

पाचोडपर्यंत गाडी गेली. पुढं एका ट्रॅक्टरवर बसलो, तो बी पुलाजवळ थांबला, पूल दिसतच नव्हता. तिथं एका देवळात माणसांत बसून दिवस काढले. पाणी उतरल्यावर चिखलातून चालत गेलो. गावाजवळ ओढ्याच्या बाभळी लागल्या. बन्सी, बाभळींना खालून वरपर्यंत कडबा, चिंध्या नि मेंढरं अडकली होती. आमची. पिवळे बिल्ले लांबून दिसत होते.

दादा ओढ्यात कमरेएवढ्या चिखलात होता. एकेक मेंढरू ओढून काठाला आणत होता, एका हातानं, उजवा हात छातीशी. मला बघून थांबला. मी लांबून आलो होतो, पाडव्यानंतर पयल्यांदा भावासमोर उभा होतो. तुला सांगतो मी पयलं काय बोललो. मी म्हणलो, "दादा, पुरू नको. कान काढून घ्यावे लागतील, विम्याला दाखवायला."

दादानं हातातलं मेंढरू हळू खाली ठेवलं, त्याच्या डोळ्यावरचा चिखल पुसला नि टेकाडाकडं निघून गेला.

कान मीच कापले. कोणी नाय आलं जवळ. एकेक करून पोत्यात टाकले. डाव्या कानाला बापाच्या खुणेची खाच, ती तशीच ठेवली. उजवा घेतला. मंग खड्डे बी मीच केले.

पाणी आलं त्या दिवशी काय झालं ते वहिनीनं सांगितलं. दुपारी जेवायला बसली होती ती. पाण्याचा आवाज आला. भाकर खाली ठेवली नि जेवणाचीच थाळी उचलून वाजवली. मेंढरं उठली, बन्सी. दादानं जाळं हिसकलं, एका हिसक्यात सुटलं. मेंढरं थाळीच्या मागं निघाली, खालच्या वस्तीतली माणसं बी निघाली, कारण रोजच्या वक्ताला न वाजता भलत्याच वक्ताला भोंगाबाई का वाजवती म्हणून ती बाहेर आली नि पाणी दिसलं. वस्तीतलं माणूस एकबी गेलं नाय. आता तिला भोंगाबाई म्हणणारी पोरं तिच्या हातची थाळी शिवून बघतात.

पण ओढ्यात पाणी आधीच शिरलं होतं. माणसांनी एकमेकांना धरून ओलांडलं, पुढं माय, मायच्या हातात किटली. मेंढरू एरवी तेवढं पाणी पोहून जातं. पण कातरण झालेली नव्हती. वर्षाची लोकर अंगावर. लोकर पाणी पिती, मंग मेंढराला वर येऊ देत नाय. वहिनीनं नि मायनं मिळून थोडीशी मेंढरं वाकडीतिकडी कातरली होती, भादरल्यावाणी दिसायची, तेवढी पोहून गेली. ती नि कोकरं. बाकीची थाळीकडं बघत बघत खाली गेली. दादा एकाच्या मागं उतरला होता. वस्तीतल्या दोघांनी ओढून काढला.

मी वहिनीला म्हणलो, "कातरणारा का नाय बोलवला? मी पत्रात लिहिलं होतं."

ती चूल फुंकत होती. म्हणली, "आला होता की. सांडूचा पोरगा कातर घेऊन दारात आला होता. तुमच्या दादानं त्याला चहा पाजला नि परत लावलं."

"का?"

"म्हणले, माझा भाऊ येणार हाय."

मी म्हणलो, "मी तर दिवाळीला येतो म्हणलो होतो."

वहिनी म्हणली, "भावजी, तुमचं काम सुटलं ते आम्हाला कळलं. आप्पासाहेब मनात वाचाया लागले. त्या माणसानं जिंदगीत कवा मनात वाचलं नाय, लोकाच्या लग्नपत्रिका बी गावाला ऐकू जातील अशा वाचतो. ओठ हलत होते, आवाज नाय. तुमचे दादा म्हणले, काय हाय त्यात? आप्पासाहेब म्हणले, काय नाय, हवापाणी. नि खोकले. तुमचे दादा म्हणले, हवापाण्याला खोकला कशाला येतो? घरी आले नि मायला म्हणले, सोन्याचं काम गेलं. आता येईल. कातर काढली, तेल लावलं, आढ्याला खोचली. रोज सांच्याला एसटीच्या टायमाला टेकाडावर जायचे. मी थाळी वाजवायची नि ते रस्त्याकडं बघायचे."

बन्सी, मी त्या दिवसांत चौकात गाड्या बघत बसलो होतो.

विम्याचा माणूस येऊन गेला. पोत्यातले बिल्ले ताडून बघितले. म्हणला, तुमचं बरोबर हाय, चौकशी होऊन मिळंल. वस्तीतले लोक भोवती उभे होते, त्यांची ढोरं गेली, त्यांच्याकडं बिल्ला नव्हता. ते आता मला इचारतात, आमच्या शेळ्यांना बी बिल्ले मारून देशील का. देईन म्हणलो. आप्पासाहेबांनी ओट्यावर पाटी लावलीय, धरणावरनं निरोप आला की आधी दगडाबाईला सांगायचं, मंग तलाठ्याला. हे सगळं झालं. दादा माझ्याशी बोलला नाय. मी वाढलेलं ताट तो घेतो, पण माझ्याकडं बघत नाय. वरच्या शाळेच्या वऱ्हांड्यात निजतो आमी. तो एका टोकाला, मी दुसऱ्या. आपली खाट बरी होती असं वाटतं कधी कधी.

निघताना दादाला लिहिलेलं पत्र खिशात भिजून लगदा झालं. बरंच झालं.

काल ऊन पडलं. दादा आढ्याची कातर घेऊन आला. घर पडलं, आढं राहिलं, त्यात कातर तशीच खोचलेली. माझ्यासमोर दगडावर ठेवली. मला वाटलं, आता म्हणंल, घे नि चालता हो. तो गेला नि उरलेल्यातलं एक मेंढरू घेऊन आला. डावा हात पोटाखाली घालून त्याला उलटं केलं, गुडघ्यानं दाबलं, चारी पाय एका हातानं गोळा करून धरले. तसाच बसून राहिला. दुसरीकडं बघत.

मी कातर घेतली. पोटाकडून सुरू केलं. लोकर गाळानं कडक झाली होती, आत अजून ओलीच. हात विसरला असंल वाटलं होतं, नाय विसरला. पोट झालं, कूस झाली, मान झाली. मानेवरून वर सरकलो. बिल्ल्याजवळ आलो.

तवा दादा बोलला. मेंढराला नाय, मला.

"हळू. कानाजवळ हळू."

एवढंच. मी ते मेंढरू सोडलं, त्यानं दुसरं आणलं.

खाट आता तुझी. थंड होईल, सवय कर. फळीवरचं घोंगडं पुढच्या बाजाराला पाचोडला घेऊन ये, दादा नायतर मी, कोणीतरी येऊ. रात्री गारठा असतो वऱ्हांड्यात. दोघांना एक बास होईल का, ठाऊक नाय.

अजून मेंढरं राहिलीत कातरायची.

सोनाजी